दुधाचा लगाम : कणसावरील चिकटा आणि जनावराच्या मस्तकातील ग्रंथी

शेतकरी बंधूंस प्रथमच सांगितलेले बरे की, प्रस्तुत लेखक वैद्य नाही, पशुवैद्य नाही, किंवा शास्त्राचा पदवीधरही नाही. महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला व घरची थोडी जमीन सांभाळणारा उमरखेडचा तो एक गृहस्थ आहे. असे असता ह्या विषयावर लेखणी उचलण्याचे कारण म्हणजे पूर्वी आपण होऊन दिलेला एक सल्ला होय. तो सल्ला चुकीचा होता, हे निवृत्तीनंतर वाचन करिता करिता ध्यानी आले. सबब ती चूक इतरांकडून होऊ नये एवढ्याच हेतूने हा धडा लिहिला आहे.

हकीकत अशी. काही वर्षांपूर्वी ऐन निसवणीच्या वेळी पावसाने झड धरली होती. पीक-नुकसानीच्या पंचनाम्यासाठी आम्ही पैनगंगेकडील एका शिवारात गेलो असता एका तासातील खरीप ज्वारीच्या कणसांतून मधासारखा चिकट रस गळताना दिसला. कणसांवर मुंग्या व माशा घोंगावत होत्या, खालच्या पानांवर थेंब वाळून पांढरे डाग पडले होते. शेताच्या मालकाने विचारले, "भाऊसाहेब, हा माल चांगल्या ज्वारीत मिसळू, की वेगळा काढू?" मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "वेगळा काढा. घरात खाऊ नका; पण जनावरास घाला, वाया कशाला जाऊ द्यायचा?" त्यांच्या दावणीला एक म्हैस शेवटच्या महिन्यात गाभण होती. ती दिवाळीच्या सुमारास व्याली, वगार धडधाकट झाली. पण कास भरलीच नाही. चीक निघाला तोही नावाला. कोणी दृष्ट लागली म्हणाले, कोणी लिंबू-मिरची बांधली, कोणी कोठून तरी इंजेक्शन आणून टोचले. वगार शेवटी शेजारच्या म्हशीच्या दुधावर जगली.

त्या म्हशीचे दूध माझ्याच सल्ल्याने आटले असे मी शपथेवर सांगू शकत नाही. कारण दूध कमी होण्यास कारणे पुष्कळ असतात. परंतु तो सल्ला देण्याजोगा नव्हता, हे मात्र आता निश्चित सांगतो. का, ते समजण्यासाठी जनावराच्या मस्तकात काय चालते ते पाहिले पाहिजे.

दुधाचा हुकूम कोठून सुटतो?

दूध कासेत तयार होते हे सर्वांस ठाऊक आहे. कासेतील सूक्ष्म पेशी रक्तातून पाणी, साखर, स्निग्ध व इतर द्रव्ये उचलतात आणि त्यांचे दूध करितात. परंतु ह्या पेशींनी कामास केव्हा लागावे हे कास स्वतः ठरवीत नाही. त्याबद्दलचा हुकूम मस्तकातून सुटतो आणि रक्ताच्या वाटेने कासेपर्यंत येतो. रक्तातून फिरून दूरच्या अवयवास कामास लावणाऱ्या अशा द्रव्यास संप्रेरक म्हणतात.

१९२८ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे स्ट्रिकर व ग्रुटर ह्या संशोधकांनी सशांस पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा त्यांच्या स्तनांत दूध उतरले. पुढे १९३३ साली अमेरिकेत ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अर्कातील द्रव्यास प्रोलॅक्टिन हे नाव दिले. रिडल यांचा अभ्यास कबुतरांवरचा होता. कबुतराची नर-मादी दोघेही आपल्या पिलांस गळ्यातील पोटलीतून दुधासारखा पांढरा पदार्थ भरवितात, हे ज्यांनी कबुतरे पाळली त्यांनी पाहिलेच असेल. तो पदार्थही ह्याच प्रोलॅक्टिनच्या हुकमाने तयार होतो. कबुतर काय आणि म्हैस काय, हुकूम एकच, अंमलबजावणी निरनिराळी!

हे प्रोलॅक्टिन जेथे तयार होते ती पीयूषिका ग्रंथी, जिला इंग्रजी शिकलेले लोक पिट्युइटरी म्हणतात, मेंदूच्या तळाशी हाडाच्या एका लहानशा खळग्यात बसलेली असते. माणसात ती जेमतेम वाटाण्याएवढी, वजनाने सुमारे अर्धा ग्रॅम भरते. वरून मेंदूच्या हायपोथॅलॅमस नामक भागास ती एका बारीक देठाने लटकलेली असते. तिचे दोन भाग आहेत, पुढचा व मागचा. प्रोलॅक्टिन पुढच्या भागातून सुटते. मागच्या भागाचे काम वेगळे आहे, त्याविषयी पुढे लिहू.

ह्या देठातून काही सूक्ष्म रक्तवाहिन्या जातात. त्यांचे वर्णन १९३० साली पोपा व फील्डिंग यांनी केले. त्यांतील रक्त मेंदूकडून ग्रंथीकडे वाहते, ग्रंथीकडून मेंदूकडे नव्हे, ही गोष्ट १९३६ साली विस्लॉकी व किंग यांनी दाखविली. पुढे इंग्लंडातील जेफ्री हॅरिस यांच्या प्रयोगांनी असे सिद्ध झाले की, मेंदू आपले रासायनिक निरोप ह्याच वाहिन्यांतून पुढच्या ग्रंथीस पाठवितो. मुख्य कालव्याचे पाणी जसे सर्व शिवारास जाते, परंतु एखादा लहान पाट केवळ एकाच वाफ्यासाठी काढलेला असतो, तसा हा पाट होय.

मनाई हुकमावर चालणारे एकच टेबल

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आमचे आयुष्य कचेरीत गेले, म्हणून दृष्टांतही कचेरीचाच देतो. पीयूषिकेचा पुढचा भाग म्हणजे अनेक टेबलांची एक कचेरी समजा. एक टेबल अंगाची वाढ पाहते, एक गळ्यातील थायरॉइड ग्रंथीस कामास लावते, एक मूत्रपिंडावरील ग्रंथीस, एक बीजकोशांस. ह्या सर्व टेबलांची रीत आपल्या ओळखीची आहे. वरून, म्हणजे हायपोथॅलॅमसकडून, "काम करा" असा कागद आला तर काम होते. कागद आला नाही तर टेबल थंड पडते.

प्रोलॅक्टिनच्या टेबलाची रीत मात्र उलटी आहे. तेथील पेशींस कोणी काही सांगितले नाही तर त्या आपण होऊन प्रोलॅक्टिन सोडीत राहतात. त्यांना थांबवावयाचे असेल तर वरून मनाई हुकूम यावा लागतो, आणि तोही एकदा येऊन भागत नाही. तो अखंड येत राहिला पाहिजे. हुकूम थांबला की काम पुनः सुरू.

ह्यास पुरावा काय, असे कोणी विचारील. १९५४ साली अमेरिकेत एव्हरेट यांनी उंदरांची पीयूषिका तिच्या जागेवरून काढून त्याच उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली बसविली. तेथे तिला रक्त मिळाले, पण मेंदूचा पाट तुटला. इतर सर्व कामे मंदावली. प्रोलॅक्टिन मात्र महिनोगणती सुटत राहिले. म्हणजे मेंदू ह्या पेशींस हाकीत नव्हता, तर रोखून धरीत होता. बैल आपण होऊन चालतोच आहे, धुरकऱ्याचे काम केवळ कासरा ताणून धरण्याचे, असा हा प्रकार होय.

लगामाचे नाव : डोपामिन

हा लगाम म्हणजे डोपामिन नावाचे एक साधे द्रव्य आहे. आपण खातो त्या प्रथिनांतील टायरोसीन ह्या अंशापासून शरीर ते बनविते. मेंदूत त्याचे स्वतंत्र कार्य आहे हे स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास दाखविले. त्याबद्दल त्यांस २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. डोपामिन मेंदूत पुष्कळ कामे करिते. हालचाल, उत्साह, सवय यांतही त्याचा हात असतो. परंतु हायपोथॅलॅमसमधील काही मज्जापेशी ते थेट वर सांगितलेल्या पाटात थेंबाथेंबाने सोडतात, आणि तेथून ते पीयूषिकेत उतरते.

१९६९ पासून पुढील काही वर्षांत अमेरिकेत मॅक्लाउड व त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या पीयूषिका काचपात्रात जिवंत ठेवून त्यांवर डोपामिन व त्याच्या जातीची द्रव्ये घातली, तेव्हा प्रोलॅक्टिन सुटणे कमी झाले. १९७७ साली प्रत्यक्ष त्या देठातील रक्तात डोपामिन मोजण्यात आले, आणि ते अंगातील इतर रक्तापेक्षा अधिक भरले. काचपात्रातील गोष्ट जिवंत प्राण्यातही खरी ठरली.

आता हा लगाम पेशीवर ओढला जातो कसा, ते क्रमाने पाहू.

प्रोलॅक्टिन करणारी पेशी आपला माल लहान लहान पिशव्यांत भरून तयार ठेविते. पेशीच्या भिंतीत मीठ-क्षारांच्या कणांसाठी दरवाजे असतात. ह्या पेशीच्या अंगी असा गुण आहे की, तिच्यात आपोआप विजेच्या सूक्ष्म लहरी उठतात. लहर उठली की कॅल्शियमचे दरवाजे उघडतात, कॅल्शियम आत शिरते, आणि ते शिरले की पिशव्या भिंतीस चिकटून फुटतात व माल रक्तात पडतो.

पेशीच्या बाहेरच्या अंगास डोपामिन ओळखणारे एक कुलूप असते. शास्त्रज्ञ त्यास डी-दोन ग्राही म्हणतात. डोपामिनची किल्ली त्यात बसली की आत तीन गोष्टी घडतात. एक, पोटॅशियमचे दरवाजे उघडून पोटॅशियम बाहेर जाते व विजेच्या लहरी शांत होतात. दोन, कॅल्शियमचे दरवाजे मिटतात. तीन, पेशीच्या आत निरोप फिरविणारे एक द्रव्य असते, त्याचे उत्पादन घटते. परिणामी पिशव्या भरलेल्या असूनही फुटत नाहीत. खळ्यावर पोती भरून तयार आहेत, पण गाडी हलत नाही, अशी ती स्थिती.

हे झाले तात्काळचे. हुकूम दीर्घकाळ चालू राहिला तर नवा मालही कमी तयार होतो, कारण प्रोलॅक्टिन कसे बनवावे हे ज्या मूळ दफ्तरात लिहिलेले असते ते दफ्तरच पेशी कमी उघडते. इतकेच नव्हे, पेशींची संख्या वाढण्यासही आळा बसतो. १९९७ साली असे उंदीर तयार करण्यात आले की ज्यांच्यात हे कुलूपच नव्हते. त्यांच्या पीयूषिकेत प्रोलॅक्टिनच्या पेशी बेसुमार वाढल्या. माणसांतही अशा पेशींची गाठ होते. मूल अंगावर पीत नसता स्त्रीस दूध येणे, पाळी बंद पडणे, गर्भ न राहणे ही तिची लक्षणे होत. डोपामिनची नक्कल करणाऱ्या गोळ्यांनी बहुधा ती गाठ लहान होते, व पुष्कळांस शस्त्रक्रिया लागत नाही.

वासराचे तोंड व पान्हा

मग व्यालेल्या गाईत हा लगाम सैल कसा होतो? वासरू सडास तोंड लावते किंवा आपण धार काढतो, तेव्हा सडाच्या मज्जातंतूंची वर्दी पाठीच्या कण्यातून मेंदूपर्यंत जाते. त्यासरशी हायपोथॅलॅमस डोपामिनची धार आखडती घेतो आणि प्रोलॅक्टिन एकदम वाढते. उलटपक्षी रक्तात प्रोलॅक्टिन फार झाले की तेच मेंदूस जाऊन डोपामिन वाढवावयास लाविते. म्हणजे टेबल स्वतःच वर कळविते, "आता मनाई हुकूम पाठवा." असा हा चोख बंदोबस्त आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पान्हा सोडणे आणि दूध तयार होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पान्हा सोडविणारे संप्रेरक ऑक्सिटोसिन होय; ते पीयूषिकेच्या मागच्या भागातून सुटते व कासेतील तयार दूध पिळून सडाकडे लोटते. ते नवे दूध बनवीत नाही. ज्या जनावराचे प्रोलॅक्टिनच दबले आहे त्यास पान्ह्याचे इंजेक्शन टोचणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट हाकणे होय. ह्या औषधाचा गैरवापर इतका बोकाळला की, २०१८ साली केंद्र सरकारने खाजगी कारखान्यांस त्याचे उत्पादन मना केले. बाळंतपणात अति रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांचे प्राण वाचविणारे हेच औषध असल्याने दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात ती मनाई रद्द ठरविली. तात्पर्य, औषध वाईट नाही. पशुवैद्यावाचून ते टोचणे वाईट आहे.

लगाम सैल करणारी वनस्पती व लगाम ताणणारी बुरशी

डोपामिनच्या ह्या कारभारात बाहेरच्या वस्तूही हात घालू शकतात. त्यांतली एक आपल्याच देशातील आहे. सर्पगंधेची मुळी वैद्य लोक पूर्वापार वापरीत आले. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील तिच्या उपयोगाचा लेख १९४९ साली इंग्लंडातील हृदयरोगाच्या मासिकात प्रसिद्ध केला, आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली तिच्यातील रिसर्पिन हे सत्त्व वेगळे काढण्यात आले. हे सत्त्व मज्जापेशींतील डोपामिनचा साठाच रिता करिते. कार्लसन यांनी आपला शोध लाविला तो सशांना हेच सत्त्व देऊन. साठा रिता झाला की मनाई हुकूम निघत नाही. म्हणून हे औषध घेणाऱ्या काही रोग्यांस, मूल नसताही, दूध येऊ लागते. सर्पगंधा लगाम सैल करिते, तो असा.

ह्याच्या नेमके उलट काम अरगट करितो. अरगट ही धान्याच्या फुलोऱ्यावर पडणारी बुरशी आहे. ती दाण्याच्या जागी कठीण, शिंगासारख्या आकाराची गाठ तयार करिते, व त्या गाठीत अनेक विषारी सत्त्वे असतात. ह्यांतील कित्येक सत्त्वांची घडण अशी आहे की, ती डोपामिनच्या कुलपात बसतात. किल्ली बनावट खरी, पण कुलूप तिने फिरते. मेंदूने हुकूम पाठविलेला नसता पेशीस वाटते की मनाई हुकूम आला, आणि ती प्रोलॅक्टिन रोखून धरिते. बनावट शिक्क्याच्या कागदावर कचेरी बंद ठेवावी, तसाच हा प्रकार. माणसांच्या गाठीवरील ज्या गोळ्यांचा वर उल्लेख केला, त्या ब्रोमोक्रिप्टिन व कॅबर्गोलिन ह्या अरगटाच्याच सत्त्वांपासून बनविलेल्या आहेत. वैद्याच्या हाती तेच औषध, आंबोणात तेच विष.

आपल्या पिकांवरील अरगट

बाजरीवरील अरगट महाराष्ट्रास नवा नाही. तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट पडलेली बाजरी खाऊन बऱ्याच लोकांस विषबाधा झाली, तिचा अहवाल १९५८ साली वैद्यकीय मासिकात आला. पुढे १९७५ साली राजस्थानातही तसेच घडले. मळमळ, वांती, चक्कर व गुंगी ही लक्षणे होती. बाजरीच्या ह्याच अरगटाने दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, व्यालेल्या डुकरिणींचे दूध आटल्याचे तेथील पशुवैद्यांनी १९५९ साली नोंदविले. त्या वेळी कारण कळले नव्हते. प्रोलॅक्टिनचा हिशेब मागाहून जुळला.

आपल्या भागात बाजरी थोडी. ज्वारी मात्र घरोघरची. सोयाबीनने तिचा पेरा खाल्ला, तरी घरच्या भाकरीस व दावणीच्या कडब्यास ती लागतेच. ज्वारीच्या कणसावरील अरगट म्हणजेच आरंभी वर्णिलेला चिकटा होय. ही बुरशी फलन न झालेल्या फुलात शिरते. फुलास वेळेवर पराग मिळाला तर तिची वाट बंद होते. ढगाळ, थंड व दमट हवेत पराग कमी पडला की तिचे फावते. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे पहिले संकरित वाण आले, व त्यानंतर संकरित ज्वारीचा आणि तिच्या बीजोत्पादनाचा विस्तार झाला. बीजोत्पादनाच्या शेतातील मादी ओळीस स्वतःचा पराग नसतो. शेजारची नर ओळ मागेपुढे निसवली की अशा शेतात चिकटा हमखास पडतो.

ज्वारीवर चिकटा पाडणाऱ्या बुरशीच्या मुख्यतः दोन जाती आपल्या देशात सापडतात. त्यांपैकी आफ्रिकी जातीच्या गाठीत डायहायड्रोअर्गोसिन हे डोपामिनची नक्कल करणारे सत्त्व असते. दुसऱ्या, पूर्वापार भारतीय जातीत ते आढळत नाही. परंतु बांधावर उभे राहून ही जात कोणती हे डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून दोन्हींस विषारीच समजून चालावे हे शहाणपणाचे.

आफ्रिकी जात १९९६ साली ऑस्ट्रेलियात पोहोचली. पुढील हंगामात क्वीन्सलंड प्रांतात अशी ज्वारी खाल्लेल्या डुकरिणी व्याल्यावर त्यांस दूध उतरेना व पिले दगावली. त्यांचे रक्त तपासता प्रोलॅक्टिन फार खाली गेलेले आढळले. तेथील दुभत्या गाईंनीही असा खुराक टाकला व त्यांचे दूध घटले. अमेरिकेत फेस्क्यू नावाच्या गवतात राहणारी दुसरी एक बुरशी हीच करणी घोड्यांवर करिते. तेथे डोपामिनचे कुलूप अडवून धरणारे डॉम्पेरिडोन हे औषध गाभण घोड्यांसाठी २०१० साली मंजूर झाले. औषधाने कुलूप अडविले की दूध उतरते. ह्याहून चांगला पुरावा तो कोणता?

कोणत्या जनावरास अधिक धोका?

सर्व जनावरांस व सर्व काळी धोका सारखा नसतो. डुकरीण व घोडी ह्यांचे दूध प्रोलॅक्टिन दबताच साफ बंद पडते. गाईचे तसे नाही. चांगली दुधावर आलेली गाय असेल तर प्रोलॅक्टिन घटूनही दूध थोडेबहुत कमी होते, एकदम आटत नाही. परंतु विण्याच्या आगेमागे मात्र गोष्ट वेगळी. त्या दिवसांत कासेतील पेशी दुधाचे काम नव्याने अंगावर घेत असतात, आणि त्याकरिता प्रोलॅक्टिनची मोठी लाट आवश्यक असते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गाईंस विण्यापूर्वीपासून ब्रोमोक्रिप्टिन देण्यात आले, तेव्हा पुढे दूध पुष्कळच कमी मिळाले. आणि बाहेरून प्रोलॅक्टिन दिल्यावर ती तूट भरून निघाली. तेव्हा शेवटच्या महिन्यातील गाभण जनावर हेच सर्वांत जपावयाचे जनावर होय. माझा सल्ला नेमका अशाच जनावराच्या दावणीपर्यंत गेला होता.

लगाम मुद्दाम ओढून गाई आटविण्याचा प्रयत्नही झाला आहे. युरोपात गाई लवकर आटाव्यात म्हणून कॅबर्गोलिनचे इंजेक्शन बाजारात आले. परंतु काही गाई आडव्या पडल्या, काही मेल्या, आणि २०१६ साली ते थांबविण्यात आले. असे असता कोठले सत्त्व किती आहे हे न मोजता चिकट्याचे कणीस जनावरापुढे टाकणे किती धाडसाचे आहे, ते वाचकांनीच ठरवावे.

शेतकऱ्याने काय करावे?

१. पाने चिकट झाली म्हणजे चिकटा पडला असे समजू नये. मावा पडला तरी पाने चिकट होतात. रस कणसातील फुलांतून गळत असेल तर तो अरगट. दाणा फोडला असता काळी भुकटी निघाली तर ती काणी; तो रोग निराळा.

२. रोगट कणसे दिसताच, मळणीपूर्वी खुडून घ्यावीत व जाळावीत किंवा खोल पुरावीत. ती बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नयेत.

३. मळणीनंतर धान्य उफणून व चाळून घ्यावे. खळ्यावर राहिलेला हलका, काळपट माल व कणसांचे कुटार संशयित शेतातले असेल तर ते जनावरास मुळीच घालू नये. विष मुख्यतः कणसातील गाठींत असते. तेव्हा कणसे काढून घेतलेला स्वच्छ कडबा टाकून देण्याचे कारण नाही.

४. बाजरीचे बी पेरण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात ओतावे. वर तरंगणाऱ्या गाठी व पोचट दाणे काढून जाळावेत. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. काढलेला गाळ कोंबड्यांस किंवा जनावरांस घालू नये.

५. खाण्याच्या धान्यात अरगटाचे दाणे वजनाने ०.०५ टक्क्याहून अधिक नसावेत असा आपल्या देशातील नियम आहे. म्हणजे एका क्विंटलमागे पन्नास ग्रॅम. जेमतेम एक मूठ. ह्यावरून विषाची तीव्रता ध्यानी यावी.

६. विकतचा भरडा, विशेषतः स्वस्तात मिळालेला, गाभण जनावरास घालण्यापूर्वी हातावर घेऊन पाहावा. लांबट, राखी-काळ्या गाठी दिसल्यास परत करावा.

७. व्यालेल्या जनावरास दूध उतरले नाही तर प्रथम संशयित खुराक बंद करावा, वासरास दुसऱ्या जनावराचा चीक पाजावा, आणि त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे. दगडी, ज्वर, कॅल्शियमची उणीव, उपासमार ह्यांनीही दूध जाते. ती तपासणी त्यांनीच करावयाची. खुराक काय घातला होता हे न लपविता सांगावे, शक्य तर त्याची मूठभर वानगी दाखवावी. माणसांचे वांतीवरील औषध दुकानातून आणून जनावरास आपल्या मताने देऊ नये.

समारोप

ह्या सर्व विवेचनाचा सारांश असा की, जनावराचे दूध नुसत्या ढेपेवर व हिरव्या चाऱ्यावर अवलंबून नाही. मस्तकातील लहानशा ग्रंथीवर डोपामिनचा लगाम अहोरात्र चढलेला असतो. वासराच्या तोंडाने तो सैल होतो, बुरशीच्या बनावट किल्लीने तो ताणला जातो. दृष्ट काढून किंवा पान्ह्याचे इंजेक्शन टोचून तो सैल होत नाही. विषारी खुराक दावणीपासून दूर केला म्हणजे मात्र तो सैल होण्यास वाव मिळतो.

निवृत्तीनंतर त्या शेतकऱ्याच्या घरी मी एकदा मुद्दाम गेलो व वर लिहिलेले सर्व त्यास सांगितले. तो घटकाभर गप्प राहिला, मग म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्हीही जाणून-बुजून सांगितलं नव्हतं. पण आता जाणलं, तर चार लोकांना सांगा." त्याच्या त्या शब्दाप्रमाणे हा लेख लिहिला आहे. पोळ्यानंतर ज्वारी निसवू लागेल. ढग व झड असेल त्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या तासांतून एक फेरी मारावी, कणसास हात लावून पाहावे, आणि दावणीस गाभण जनावर असेल त्याने तर ही फेरी चुकवूच नये, एवढीच विनंती.